वीजवापर दाखवणारं ॲप, साडेतीन स्टार

यूकेत राहता आणि घरी स्मार्ट मीटर आहे तर ॲप कामाचं आहे, दर अर्ध्या तासाचं रीडिंग दिसतं, संध्याकाळी ओव्हन आणि ड्रायर एकदम लावला की ग्राफ कसा टणकन वर उडतो ते बघाच. पण घरात कोण कधी उठतं, घर कधी रिकामं असतं हेही त्याच ग्राफवरून बाहेरच्या कंपनीला कळतं ना! नियम तसा बराय, थर्ड पार्टीला आपली स्पष्ट परवानगी लागते, सप्लायरलाही अर्ध्या तासाऐवजी दिवसाचा एकच आकडा घ्या म्हणून सांगता येतं. ह्या ॲपवाल्यांचं मात्र परवानगी द्यायचं बटण मोठ्ठं हिरवं आणि काढून घ्यायचं सेटिंगच्या पार तळाशी बारीक अक्षरात, दीड स्टार तिथेच कापला. बाकी फुकट आहे, जाहिराती नाहीत.