अकराशे डॉलरचा गाडीचा पाटा

काँगोच्या राजधानीत, किन्शासात, डॉलरची नोट आधी उजेडात धरून बघतात. कडेला केसाएवढी चीर असली, घडीवर जरा विरली असली की नोट परत. त्या दिवशीही तसंच झालं. समोरच्या माणसाने माझ्या शंभराच्या अकरा नोटा एकेक करून खिडकीशी नेल्या, कडांवरून अंगठा फिरवला आणि दोन परत केल्या. मी मुकाट्याने पाकिटातून दुसऱ्या दोन काढून दिल्या. ज्या सुरीसाठी हे पैसे देत होतो, ती मी जेमतेम पाच मिनिटं हातात घेतली होती, तीही ट्यूबलाइटखाली.

हे लिहायला सहा वर्षं लागली, कारण लाज वाटत होती. पण गेल्या महिन्यात तिकडे नोकरीला निघालेला ओळखीतला एक मुलगा घरी आला आणि म्हणाला, "काका, येताना तिकडचं काही जुनं-पुराणं आणायचं म्हणतोय." त्याला सगळं सांगितलं. आता बाकीच्यांनाही सांगतो.

मी कोल्हापूरचा, काम यंत्रांच्या देखभालीचं, नाद जुन्या हत्यारांचा. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी 'शिवकालीन' म्हणून खपवल्या जाणाऱ्या कट्यारी मी वीस पावलांवरून ओळखतो, अशी माझी घमेंड होती. ॲसिडमध्ये बुडवून गंजवलेलं पातं, शेणात पुरून काळी केलेली मूठ, सगळं बघितलेलं. आपल्याला कोण फसवणार, या खात्रीनेच मी काँगोत उतरलो. फसायला माणसाची एवढी तयारी पुरते.

मी घेतली ती सुरी म्हणजे कुबा लोकांचं 'इकुल'. काँगोच्या कसाई भागात कसाई, संकुरू आणि लुलुआ नद्यांच्या मधल्या मुलखात कुबांचं राज्य आहे, राजधानी मुशेंगे, राजाला म्हणतात न्यिम. या लोकांना कोरी जागा जणू बघवतच नाही. पेला घ्या, पेटी घ्या, राफियाचं (ताडासारख्या झाडाच्या पानांच्या धाग्याचं) कापड घ्या, इंच-इंच नक्षी. इकुलही तसंच. हातभरसुद्धा लांब नसतं. पातं पिंपळपानासारखं पोटाशी रुंद, मधोमध कणा, लाकडी मूठ, मुठीच्या टोकाला गोळा आणि लाकडात तांब्या-पितळेच्या किंवा शिशाच्या पट्ट्या बसवलेल्या. भाजी चिरायला नव्हे आणि कुणाला मारायलाही नव्हे. मानाचा माणूस समारंभात ते कमरेला लावतो.

त्यामागची कथा मला तोंडपाठ होती आणि तिथेच घात झाला. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात श्याम अ-म्बुल अ-न्गूंग नावाचा राजा झाला. त्याने 'शोंगो' हे फेकून मारायचं हत्यार लढाईतून बंद केलं आणि त्याच्या जागी ही शांततेची सुरी आली, असं सांगतात. एमिल टोर्डे हा हंगेरियन माणूस 1907 ते 1909 या काळात त्या भागात फिरत होता, त्याने ही कथा लिहून ठेवली. कुबा राजांचे 'न्डोप' नावाचे लाकडी पुतळे त्यानेच ब्रिटिश म्युझियमला मिळवून दिले. त्यातल्या श्यामच्या पुतळ्याचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये असायचा. राजा मांडी घालून बसलाय, पुढ्यात खळग्यांच्या खेळाचा पट, उजवा हात गुडघ्यावर आणि डाव्या हातात इकुल. राजाचं नाव श्याम! देशापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला हे नाव वाचून काय वाटतं, ते विक्रेत्याने माझ्याआधी ओळखलं होतं. "पापा, श्याम तर तुमचाही देव," असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता. तिकडे वयाने मोठ्या माणसाला मानाने पापा म्हणतात. मी विरघळलो.

आता माणूस कसा गळाला लावतात ते बघा. हा गृहस्थ आमच्या गेस्ट हाउसच्या फाटकाशी शनिवारी यायचा, पाठीवर गाठोडं. पहिल्या वेळी मी त्याच्याकडून राफियाचं कापड घेतलं. चाळीस डॉलर. सहकाऱ्याच्या बायकोने तसंच कापड दुसरीकडे पन्नासला घेतलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने स्वतःहून सांगितलं, "हे कापड घेऊ नका पापा, हे नवं आहे, रंग जाईल." झालं. माझ्या लेखी तो प्रामाणिक ठरला. आपल्याकडे भाजीवाली जशी एखादं किडकं वांगं स्वतः काढून टाकते आणि मग आपण बाकीचं किलोभर न बघता घेतो, तसंच.

चौथ्या शनिवारी गाठोड्यात कापड नव्हतं. जुनाट राफियात गुंडाळलेलं इकुल होतं. सोबत गोष्ट. 2016 मध्ये कसाईत बंड उसळलं आणि पुढचं वर्षभर गावंच्या गावं पळाली, हे खरंच आहे, किन्शासात सगळ्यांना माहीत होतं. त्या खऱ्या गोष्टीला त्याने आपली खोटी गोष्ट जोडली. मुशेंगेच्या राजघराण्यातलं एक कुटुंब पळून इथे आलंय, म्हातारा काका वारला, दफनाचं कर्ज झालंय, कुणाला कळलं तर अब्रू जाईल, म्हणून गुपचूप विकायचंय. मुठीच्या गोळ्यावर पट्ट्यांचं कडं होतं, त्यातली तिसरी पट्टी गळालेली. ती जागा त्याने बोटाने दाखवली आणि म्हणाला, "नातवाने लहानपणी खेळताना काढली." ती रिकामी खाच बघून माझ्या मनातला उरलासुरला संशय गेला. बनावट वस्तू करणारा स्वतःच्या हाताने तुकडा का पाडेल, असं मला वाटलं!

एक गोष्ट मात्र इथेच कबूल करतो. ही गोष्ट खरी असती तरी मी ती सुरी घ्यायला नको होती. घरदार सोडून पळालेल्या माणसांची वडिलोपार्जित चीज अडचणीत स्वस्तात मिळतेय, हे ऐकून हात मागे यायला हवा होता. तो पुढे गेला. अठराशेपासून घासाघीस करून अकराशेवर आणली, याचा वर अभिमान.

मग दाखला. जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगी लागते, ती मी काढून देतो म्हणाला. दीडशे डॉलर वेगळे. आठवड्याने गोल शिक्क्याचा फ्रेंच कागद आला, वर वस्तूचं वय लिहिलेलं: 'एकोणिसावं शतक'. निर्यातीच्या परवानगीत वय कोण आणि कशावरून ठरवतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी तो कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला.

परत येताना ब्रुसेल्समध्ये एक मुक्काम होता. तिथल्या साब्लों भागात आफ्रिकी वस्तूंची जुनी दुकानं आहेत. कौतुक करून घ्यायला म्हणून मी एका दुकानात शिरलो. म्हाताऱ्या दुकानदाराने सुरी घेतली, वजन केल्यासारखी तळव्यावर दोनदा हलवली, नाकाशी नेली आणि परत दिली. "छान आहे. नवी आहे." इतकंच. मी दाखला पुढे केला. त्याने तो वाचलाही नाही. कपाटातून एक इकुल काढून माझ्या हातात ठेवलं. मूठ बोटं टेकतात तिथे मऊ झालेली, गोळ्याच्या खालच्या बाजूला मात्र नक्षीच्या कडा अजून तशाच उठावदार. माझ्या सुरीची झीज सगळीकडे सारखी होती, वाळूच्या कागदाने घासल्यासारखी. हे दिसलं. तरी मी बाहेर पडून बायकोला फोनवर काय सांगितलं? "लेकाला पाडून मागायची असेल, म्हणून नवी म्हणाला."

मुंबईच्या कस्टमवर अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? आपल्या 2016 च्या शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे-खंजीर येतात आणि इकुलचं पातं पोटाशी दोन इंचांहून रुंदच असतं. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, "शोभेची वस्तू आहे साहेब, बाजारातली." त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला, बोथट आहे बघून सोडलं. खोटं बोलल्याची बोच मला पुढे दोन महिने होती. नसती बाळगली तरी चाललं असतं.

कारण मग कोल्हापूरचा पाऊस आला. जुलैत एका सकाळी बघतो तर मुठीतल्या चंदेरी पट्ट्यांवर पांढरी भुकटी. शिसं जुनं झालं की सहसा निबर, राखाडी होतं. असं पांढरं बहुधा फुटतं ते खारट पाण्यात बुडवून काढलेल्या ॲल्युमिनियमला. ओल्या रुमालाने मूठ पुसली तर रुमाल लालसर तपकिरी झाला. कुबा लोक लाकडाला तुकुला नावाची लाल पूड चोळतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून आधी तर आनंदच झाला! मग रुमाल हुंगला. चेरी ब्लॉसम. शाळेचे बूट चमकवलेल्या कुणालाही तो वास विसरता येणार नाही. ब्रुसेल्सच्या म्हाताऱ्याने सुरी नाकाशी का नेली, ते तेव्हा कळलं.

शेवटी शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या मित्राकडे गेलो. त्याने आधी दहापट दिसणारं भिंग दिलं. गंजाच्या खाली एकाच दिशेच्या बारीक कमानदार रेघा, पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "ग्राइंडर," तो म्हणाला. "घणाची खूण एक तरी दाखव." एकही नव्हती. मग मुठीजवळचा नखाएवढा भाग घासून सपाट केला, पातं स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे धातूत काय किती मिसळलंय ते सांगणाऱ्या यंत्रावर, धरलं. चर्र आवाज, छोटा काळा डाग आणि पडद्यावर आकडे: कार्बन 0.56, सिलिकॉन 1.8, मँगनीज 0.8. मित्र हसायला लागला. "आरं लेका, हा गाडीचा पाटा हाय. ट्रकचा नायतर जीपचा. आपल्याकडं ह्याचाच कोयता करत्यात." दगडामातीच्या भट्टीतून निघालेल्या जुन्या लोखंडात इतकं सिलिकॉन आणि मँगनीज मिसळलेलं नसतं, हे मलाही कळत होतं. शिकलो होतो की मी ते. डिप्लोमाला. आणि अकराशे डॉलर देताना एवढी चाचणी मनातसुद्धा आली नाही.

त्याच्या कारागिराने मूठ निरखून वर सांगितलं, "साहेब, पट्टीच्या कडेला लाकूड नाही, भुसा न् एरल्डाइट आहे." नखाने खरवडलं तर पिवळट चुरा निघाला.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर माझं लिहिणं उलट लागायचं. नवं इकुल म्हणजे बनावट इकुल नव्हे. कुबा कारागिराने आज घडवलेलं इकुल कमरेला लावून कुणी दरबारी नाचात उतरला, तर ते अस्सलच. तिकडचे कोरीव काम करणारे परदेशी गिऱ्हाइकांसाठीही कधीपासून वस्तू करतात, उघडपणे, नवी म्हणूनच विकतात, आणि त्यातल्या कित्येक माझ्या त्या सुरीपेक्षा देखण्या असतात. मला कुणी म्हणालं असतं, पापा, ही गेल्या महिन्यात केली, साठ डॉलर द्या, तर मी आनंदाने घेतली असती. मी अकराशे दिले ते वयाचे आणि राजघराण्याचे. त्यातलं काहीच त्या गाठोड्यात नव्हतं.

त्या मुलाला मी जे सांगितलं तेच इथे. गोष्ट ऐकायची, पण वस्तू हातात असताना नाही. आधी ऊन, भिंग आणि ओला पांढरा रुमाल. रुमालाला विक्रेत्याने हरकत घेतली तर तिथेच उत्तर मिळालं. झीज हात लागतो तिथेच आहे का बघायचं. दाखला मागायचाच नाही, कारण दाखला देणारा आणि वस्तू देणारा एकच असतो. खरोखर जुन्या नगाला मागचा इतिहास असतो: कुणी, कधी, कुठून आणला, कुठल्या लिलावात किती नंबरला विकला गेला. तो नसेल तर वस्तू नवी धरायची आणि नव्याचीच किंमत द्यायची. पहिले दोन-तीन व्यवहार चोख झाले, एवढ्यावर तर अजिबात जायचं नाही. ते आमिषाचे पैसे असतात, तो पुढे वसूल करतो.

तक्रार? पावती नव्हती. दाखल्यावरच्या शिक्क्यातलं कार्यालय शोधायला किन्शासातल्या एका मित्राला सांगितलं, त्या पत्त्यावर त्याला मोबाइल रिचार्जची टपरी सापडली.

स्पेक्ट्रोमीटरच्या डागाचा फोटो मी त्या माणसाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, दोन शिव्यांसकट, फ्रेंचमध्ये. नंबर बदललेला असणार, अशी खात्री होती. दोन दिवसांनी उत्तर आलं. "म्बोते पापा! आई बरी आहे ना?" आणि खाली एक फोटो. जुनाट राफियावर ठेवलेलं इकुल, पिंपळपानासारखं पातं, गोळ्यावर चंदेरी पट्ट्यांचं कडं. मी फोटो मोठा करून पाहिला. तिसरी पट्टी गळालेली होती.

राहवलं नाही म्हणून किंमत विचारली.

"तुमच्यासाठी, पापा, बाराशे."