व्हीआयए, पॅप की एचपीव्ही: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची कोणती तपासणी करून घ्यावी?

तिशी ओलांडलेल्या बाईने ही तपासणी करायचं मनावर घेतलं की तिच्यापुढे तीन नावं येतात: व्हीआयए म्हणजे गर्भाशयमुखाला द्रावण लावून डोळ्यांनी बघणं, पॅप म्हणजे तिथल्या पेशी लॅबमध्ये तपासणं, आणि एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर घडवणारा त्याच नावाचा विषाणू आहे का ते शोधणं. उपकेंद्रातली सिस्टर म्हणते व्हीआयए करून घ्या. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई पॅप लिहून देतात. पुण्यात राहणारी भाची फोनवर सांगते, "मावशी, एचपीव्हीच कर." मग कोणती चांगली हे कळेना म्हणून बाई थांबते, आणि थांबता थांबता चार-पाच वर्षं निघून जातात.

माझं मत आधीच सांगते. आयुष्यात एक-दोनदाच तपासणी होणार असेल तर ती एचपीव्हीची असावी. पण एचपीव्हीची वाट बघत दारात आलेली मोफत व्हीआयए सोडू नये. आणि तिन्हींपैकी काहीही करण्याआधी विचारून घ्यावं, की रिपोर्टमध्ये काही निघालं तर पुढचं कोण आणि कुठे करणार.

आपल्याकडे तपासणी होत नाही हे मी उगाच म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, की ही तपासणी कधी तरी झाली आहे का. देशभरात जेमतेम 1.9 टक्के बायका हो म्हणाल्या. जगभरच्या कॅन्सरचे आकडे मांडणाऱ्या ग्लोबोकॅनच्या 2022 च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि सुमारे 80 हजार जणी त्याने जातात. एचपीव्ही विषाणूची लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला बहुधा 15-20 वर्षं लागतात. म्हणजे मधल्या काळात तो पकडायला भरपूर सवड असते, तरीही इतक्या बायका दगावतात.

धाराशिवच्या बायकांनी दिलेलं उत्तर

या तिन्ही तपासण्या शेजारी शेजारी ठेवून पाहणारा जगातला एक मोठा अभ्यास आपल्याच मातीत झाला आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये तो सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका त्यात होत्या. गावांचे 52 गट पाडून चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार भागांत विभागणी केली. एका भागात एकदा एचपीव्ही, दुसऱ्यात एकदा पॅप, तिसऱ्यात एकदा व्हीआयए, आणि चौथ्यात फक्त आरोग्यशिक्षण आणि नेहमीची सेवा. मग सगळ्यांवर आठ वर्षं लक्ष ठेवलं.

2009 मध्ये निकाल छापून आले. एचपीव्ही तपासणी मिळालेल्या भागात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, काहीच तपासणी नसलेल्या भागात 64. दोन्ही भागांतल्या बायकांची संख्या साधारण सारखीच होती. उशिराच्या टप्प्यात सापडलेले कॅन्सर एकीकडे 39 आणि दुसरीकडे 82. म्हणजे एका एचपीव्ही तपासणीने मरणाचा धोका जवळपास निम्म्यावर आला. पॅप आणि व्हीआयएच्या भागांत मात्र खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही.

त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा आकडा "निगेटिव्ह" रिपोर्टचा आहे. पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्या बायकांमध्ये पुढच्या वर्षांत कॅन्सर होण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह बायकांच्या चौपटीहून जास्त होतं. ज्या बाईला पुन्हा तपासणीला यायला दहा वर्षं लागणार आहेत, तिच्यासाठी "काही नाही" हा शब्द किती पक्का आहे यालाच सगळी किंमत.

चौथ्या भागातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर पुढे मोठा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या 64 जणींची आठवण ठेवून बोलायचं तर, जे कळलं ते वापरणं हे आपलं देणं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवचं नाव ठळक आहे.

मग व्हीआयए टाकाऊ का?

नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने 1998 पासून केलेला दुसरा अभ्यास बघा. 35 ते 64 वयाच्या सुमारे 75 हजार बायकांची दर दोन वर्षांनी, एकूण चार फेऱ्यांमध्ये व्हीआयए तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. बारा वर्षांनी मृत्यूंमध्ये 31 टक्के घट दिसली. कॅन्सर होण्याचं प्रमाण फारसं बदललं नाही, पण तो लवकर सापडला आणि बायका वाचल्या. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात तर प्रशिक्षित नर्सच्या एकाच फेरीने मृत्यू 35 टक्क्यांनी घटले.

धाराशिवमध्ये जमलं नाही ते मुंबईत आणि दिंडिगुलमध्ये कसं जमलं? मुंबईत फेऱ्या चार होत्या, हे एक. दुसरं असं, की व्हीआयए पूर्णपणे बघणाऱ्याच्या डोळ्यावर चालते. बाईला टेबलावर झोपवून स्पेक्युलम घालतात, कापसाच्या बोळ्याने पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे साध्या व्हिनेगरइतक्या ताकदीचं द्रावण, गर्भाशयमुखाला लावतात आणि एक मिनिट थांबतात. बिघडलेल्या पेशींचा भाग असेल तर तिथे दाट पांढरा चट्टा उठतो. उजेड चांगला हवा आणि पूर्ण मिनिट थांबायला हवं. सूज, जंतुसंसर्ग यांनीही पांढुरका डाग दिसतो, म्हणून उगाच "पॉझिटिव्ह" निघणाऱ्या बायका यात जास्त. धाराशिवमध्ये शंभरातल्या 14 जणींची व्हीआयए पॉझिटिव्ह आली होती, एचपीव्ही 10 जणींची, पॅप 7 जणींची.

आणखी एक अडचण कोणी फारशी सांगत नाही. पाळी गेल्यावर जिथे हा आजार सुरू होतो तो भाग आत सरकतो आणि बाहेरून दिसेनासा होतो. त्यामुळे पन्नाशीच्या पुढे व्हीआयए निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबू नका. या वयात एचपीव्ही, ती नाहीच जमली तर पॅप.

व्हीआयएची खरी ताकद वेगळीच आहे. उत्तर तिथल्या तिथे मिळतं, आणि यंत्र असेल तर उपचारही त्याच टेबलावर होतो. मजुरी बुडवून आलेल्या बाईला "पंधरा दिवसांनी रिपोर्ट घ्यायला या" म्हटलं की त्यातल्या किती येतात, हे कुठल्याही आशाताईला विचारा.

पॅपबद्दल थोडक्यात

पॅपमध्ये ब्रशने पेशी घेऊन काचपट्टीवर पसरतात आणि लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पाश्चात्त्य देशांत या तपासणीने हा कॅन्सर खूप कमी केला हे खरं आहे, पण तिथे बायकांना दर तीन-पाच वर्षांनी बोलावणं जात राहिलं आणि लॅबचं काम काटेकोर होतं. एकटीदुकटी पॅप बरंच काही सोडून देते. तुमच्या डॉक्टरीणबाई जवळ आहेत, लॅब भरवशाची आहे आणि दर तीन वर्षांनी तुम्ही नक्की जाणार असाल, तर पॅप चांगलीच आहे.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आली तर

या तपासणीची मोठी गैरसोय म्हणजे रिपोर्ट वाचून बसणारा धक्का. एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक बायकांच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. लागण किती वर्षांपूर्वीची आहे हे रिपोर्टवरून कळत नाही, त्यामुळे नवऱ्याबद्दल किंवा बायकोबद्दल त्यावरून काहीही ठरवू नका. रिपोर्ट हातात देणाऱ्याने हे दोन्ही त्याच वेळी सांगायला हवं, आणि सांगितलं नाही तर घरं मोडतात.

पॉझिटिव्ह आल्यावर व्हीआयए किंवा कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगाच्या यंत्राने गर्भाशयमुख मोठं करून बघणं, करतात. चट्टा दिसला तर थर्मल ॲब्लेशनने तो भाग भाजून काढतात. काही मिनिटांचं काम, भूल लागत नाही, बाई चालत घरी जाते. चट्टा मोठा किंवा आत गेलेला असेल तर तारेच्या लूपने तो तुकडा काढून तपासायला पाठवतात.

खासगी लॅबमध्ये एचपीव्ही पॅपपेक्षा बरीच महाग पडते. पण एक चांगली गोष्ट घडली आहे: गोव्याच्या मोलबायो कंपनीने आपल्या ट्रूनॅट यंत्रावर चालणारी एचपीव्ही तपासणी आणली आहे. टीबीच्या तपासणीसाठी ही यंत्रं सरकारी केंद्रांमध्ये आधीच पोचली आहेत. शिवाय एचपीव्हीचा नमुना बाई स्वतः आडोशाला जाऊन घेऊ शकते, टेबलावर झोपावं लागत नाही. लाजेपायी तपासणी टाळणाऱ्यांसाठी याहून मोठी सोय मला दिसत नाही. सरकारी कार्यक्रमाने एचपीव्हीकडे लवकर वळावं असं मला मनापासून वाटतं. 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शनात दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे, आणि तीही सगळीकडे होत नाही.

"पिशवीच काढून टाका"

तपासणीला पर्याय म्हणून हा सल्ला देणाऱ्यांपासून दूर राहा. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं सर्वेक्षण 2019 मध्ये झालं तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या अनेकींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढत नाहीत. आधी वरच्यापैकी एक तपासणी आणि बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, कागद मागा.

कॅन्सर निघालाच तर मात्र घरच्यांचा पहिला प्रश्न असतो: ऑपरेशन की रेडिएशन? अगदी लहान गाठीत ऑपरेशन चांगलं. तिथेही 2018 च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर आजार कमी उलटला. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्या बायका 96.5 टक्के, दुर्बिणीत 86 टक्के. "लहान टाके" हे निवडीचं कारण इथे धरू नका.

आजार थोडा पुढे गेला असेल (जुन्या वर्गवारीतला एक-बी-दोन ते दोन-बी टप्पा), तर टाटा मेमोरियलने नेमकी हीच तुलना केली आहे. आधी केमो देऊन मग ऑपरेशन, की केमो आणि रेडिएशन एकत्र? पाच वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या बायका अनुक्रमे 69.3 आणि 76.7 टक्के. जगण्याच्या एकूण प्रमाणात फरक नव्हता. रेडिएशनच्या गटात योनीमार्गाचे उशिरा उद्भवणारे त्रास जास्त होते, हे बाईला आधी सांगायलाच हवं. तिसऱ्या टप्प्यातल्या, तीन-बी गटातल्या बायकांवर झालेल्या टाटाच्याच अभ्यासात नुसत्या रेडिएशनने पाच वर्षं जगण्याचं प्रमाण 46 टक्के होतं, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध दिल्यावर 54 टक्के. तिथे पोचायची वेळच येऊ नये म्हणून काही मिनिटांचं थर्मल ॲब्लेशन.

पॅकेजमधली सीए-125

महिला दिनाच्या आरोग्य पॅकेजांमध्ये बीजकोशाच्या, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरसाठी सीए-125 ही रक्ताची तपासणी घातलेली असते. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल 2021 मध्ये आला: सीए-125 किंवा सोनोग्राफीने दरवर्षी तपासूनही मृत्यू कमी झाले नाहीत. काही त्रास नसलेल्या, घरात कोणाला हा आजार नसलेल्या बाईने हे पैसे एचपीव्हीला लावावेत.

कोणी काय निवडावं

तीस ते पन्नास वय, पैशांची सोय आहे: एचपीव्ही, आणि निगेटिव्ह आली तर पाच वर्षांनी पुन्हा. पैशांची सोय नाही पण जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात व्हीआयए होते: ती याच महिन्यात करून घ्या. पाळी गेलेली असेल तर एचपीव्ही. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांनी पंचविशीपासूनच एचपीव्ही सुरू करून दर तीन ते पाच वर्षांनी करावी, त्यांच्यात हा आजार वेगाने वाढतो. गर्भाशयमुखासकट पिशवी काढलेली असेल आणि ती कॅन्सरसाठी किंवा कॅन्सरपूर्व बदलांसाठी काढलेली नसेल, तर यातली कुठलीच तपासणी लागत नाही. लहानपणी एचपीव्हीची लस घेतलेल्यांना मात्र तपासणी लागतेच.

शरीरसंबंधानंतर रक्त येतंय, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जातंय, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव होतोय, तर स्क्रीनिंगचा विचारच करू नका. मागचा रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आतून तपासून घ्या.

महिला मंडळाचं शिबिर भरवणार असाल तर तारीख ठरवण्याआधी जिल्हा रुग्णालयात कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी होते आणि थर्मल ॲब्लेशनचं यंत्र चालू आहे का, ते विचारून या. पॉझिटिव्ह आलेल्या बायकांना एकाच गाडीने त्या दिवशी न्यायची सोय आधी करा. कॅन्सर निघालेल्या बाईला महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारं रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवायला सांगा, आणि योजनेतल्या रुग्णालयात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राला गाठा.