जुन्या मोंढ्यातला छापखाना: माझ्या पुस्तिकेचा अनुभव

नांदेडात छोटी पुस्तिका छापून घ्यायची तर कुठं जावं, असं मला गेल्या महिन्यात तिघांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितो. हा छापखाना जुन्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत आहे. मालकांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलं, म्हणून टाकत नाही. मोंढ्यात कुणालाही 'ट्रेडलवाले काका' म्हणून विचारा (ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं जुनं छपाईयंत्र), दुकानापर्यंत आणून सोडतील.

मी निवृत्त शिक्षक. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत नागरिकशास्त्र शिकवलं. मुलगी-जावई कॅनडात टोरांटोला असतात. २०२३ च्या जूनमध्ये तिथं महापौरपदाची पोटनिवडणूक होती, तेव्हा जावई फोनवर म्हणाले, "बाबा, मतपत्रिकेवर १०२ नावं आहेत." तेव्हापासून या पदाचा मला नाद लागला. आपल्याकडं महापौर नगरसेवकांतून, अडीच वर्षांसाठी, आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांच्या कमरेला. तिथं अख्खं शहर एका माणसाला थेट निवडतं, चार वर्षांसाठी. हा फरक नववी-दहावीच्या पोरांना गोष्टीतून कळावा म्हणून दोनशे पानी वही भरली.

आधी ती वही मी दुसऱ्या एका ठिकाणी दिली होती. तिथं मजकूर एका फॉन्टातून दुसऱ्यात नेताना रफार उडाले. 'मार्च'चा 'माच' आणि 'वर्ष'चा 'वष' झाला. दुरुस्त करून मागितलं तर "सर, वाचणाऱ्याला कळतंय की" असं उत्तर. पोरांच्या हातात असलं काही द्यायचं नाही, म्हणून आगाऊ दिलेले दीड हजार सोडून वही परत आणली.

काकांच्या दुकानात पहिल्या दिवशी भाव निघालाच नाही. त्यांनी वही उघडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उभ्यानंच वाचायला लागले. विल्यम लायन मॅकेंझीवर येऊन थांबले. हा टोरांटोचा पहिला महापौर, १८३४ सालचा. मूळचा स्कॉटलंडचा, आणि धंद्यानं छापखानेवाला. त्याचं वर्तमानपत्र सत्ताधारी घराण्यांवर तुटून पडायचं. ८ जून १८२६ ला त्या घराण्यांतली तरणी पोरं त्याच्या छापखान्यात घुसली आणि खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, नेऊन ऑन्टारिओ सरोवराच्या पाण्यात फेकले.

"खिळे पाण्यात?" काका म्हणाले. मग मला आत घेऊन गेले. मागच्या खोलीत खिळ्यांच्या लाकडी केसा अजून आहेत. एकेका खणात एकेक अक्षर, काना वेगळा, वेलांटी वेगळी. काका बारा वर्षांचे असताना एक केस त्यांच्या हातून सुटली होती. फरशीवर सांडलेली अक्षरं परत ज्याच्या त्याच्या खणात घालायला चार दिवस लागले. "सर, एका केसेला चार दिवस. त्याचं तर दुकानच बुडवलं की हो." मॅकेंझीनं दावा लावला, त्याला ६२५ पौंड भरपाई मिळाली आणि कर्जात बुडालेला छापखाना त्याच पैशावर पुन्हा उभा राहिला, हे मी सांगितलं तेव्हा कुठं त्यांचा चेहरा सैलावला.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हा अभिप्राय लिहायला बसलो. पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, घ्यायला गेलो तर दोन ठिकाणी शिसपेन्सिलीच्या खुणा. काका म्हणाले, "पान ४ वर तुम्ही म्हणायलाव मॅकेंझीला नगरसेवकांनी निवडलं. पान ११ वर म्हणायलाव महापौर लोक निवडतात. मधे काय झालं ते कुठंय?" ते कुठंच नव्हतं. इतकी वर्षं पोरांचे पेपर तपासले, आणि माझ्याच लिखाणातली ही फट मला दिसली नव्हती.

घरी येऊन पुन्हा कागद काढले. सुरुवातीला महापौर परिषदेतूनच निवडला जायचा. १८५९ पासून थेट लोकांतून. १८६७ ला पुन्हा परिषदेकडं. १८७४ पासून परत लोकांतून, ते आजतागायत. हे ऐकून काका लगेच म्हणाले, "म्हणजे आपल्या नगराध्यक्षासारखंच." बरोबर होतं त्यांचं. लोहा, कंधार, देगलूरच्या निवडणुकांची पत्रकं त्यांनीच छापलेली. नगराध्यक्ष कधी थेट, कधी नगरसेवकांतून, हा खेळ त्यांनी गठ्ठ्यांवरून ओळखलाय; थेट निवडणूक असली की एकेका उमेदवाराची पत्रकं हजारांनी वाढतात. त्यांच्या त्या प्रश्नामुळं पुस्तिकेत एक अख्खं पान वाढलं आणि माझ्या मते तेच सगळ्यात चांगलं उतरलंय.

दुसरी खूण १९९८ वर होती. त्या वर्षी टोरांटो आणि शेजारच्या पाच पालिका मिळून एकच महानगर केलं. नॉर्थ यॉर्कचे महापौर मेल लास्टमन जुन्या टोरांटोच्या महापौर बार्बरा हॉल यांना हरवून नव्या शहराचे पहिले महापौर झाले. काकांनी समासात लिहिलं होतं, 'नांदेड-वाघाळा १९९७, टाका.' महानगरपालिका झाली त्या वर्षी गावातल्या निम्म्या कचेऱ्यांची लेटरहेडं आणि पावतीपुस्तकं त्यांनी नव्यानं छापली होती. तीही ओळ घातली. आपल्या गावाचं नाव आलं की पोरं वाचतात.

कामाबद्दल. आतली पानं ऑफसेट यंत्रावर, कागद सत्तर जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, छपाई एकसारखी, कुठं फिकी नाही. मुखपृष्ठावरचं शीर्षक मात्र काकांनी हौसेनं खिळे जुळवून ट्रेडलवर घेतलं. बोट फिरवलं की अक्षराचा दाब लागतो. ३०० प्रतींचे ९,६०० रुपये, म्हणजे प्रत ३२ रुपयांना पडली. वाढलेल्या पानाच्या जुळणीचे पैसे घेतले नाहीत.

कमी काय? प्रती नऊ दिवस उशिरा मिळाल्या. लग्नसराईत पत्रिका आधी, बाकी सगळं नंतर. तेव्हा चैत्र-वैशाखात घाईचं काम देऊ नका. मॅकेंझीच्या चित्राचा ठसा काळा आलाय, नाकडोळे नीट दिसत नाहीत. आणि बांधणी नुसत्या पिनांची आहे. शाळेच्या कपाटात दोन पावसाळे गेले की पिना गंजतात, म्हणून पुढच्या वेळी दोऱ्याची शिवण मागणार आहे. प्रतीमागं चार रुपये जास्त पडतील, पडू देत.

पुस्तिका टोरांटोच्या ६६ व्या महापौर ऑलिव्हिया चाउ यांच्यावर संपते. जन्म हाँगकाँगचा, तेराव्या वर्षी कॅनडात आल्या. त्या १०२ नावांतून निवडून आल्या त्या याच. भोकरच्या एका शाळेत ही पुस्तिका वाचून दाखवली, तर आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "तिथं बाहेरून आलेली बाई महापौर कशी काय होती?" मी म्हटलं, पान ४ काढ, पहिलाही बाहेरूनच आलेला होता. तिनं पान काढून मोठ्यानं वाचलं.

दुसऱ्या खेपेच्या २०० प्रती सांगून आलोय. २०२६ च्या ऑक्टोबरात तिथं पुन्हा मतदान आहे, म्हणून शेवटच्या पानावर खाली चार ओळींची जागा कोरी ठेवायची, हे काकांनीच सुचवलं.