पाच दिवसांचं कायझेन की रोजची दहा मिनिटं?

लीन हवं, म्हणजे वाया जाणारं कमी करत काम करायला हवं, हे छोट्या मशिन शॉपच्या मालकाला बहुतेक वेळा ग्राहकाच्या ऑडिटमध्येच कळतं. मलाही तसंच कळलं. भोसरीत माझं शॉप आहे. सहा सीएनसी, दोन व्हीएमसी अशी संगणकावर चालणारी मशिनं, सगळी मिळून सव्वीस माणसं. 'कामाची पद्धत बदला' असा शेरा आला की समोर दोनच रस्ते उरतात. सल्लागार आणून पाच दिवसांच्या कायझेन, म्हणजे सुधारणेच्या, शिबिरात झपाट्यानं सगळं बदलायचं, नाहीतर रोज शिफ्टच्या तोंडावर दहा मिनिटं फळ्यासमोर उभं राहून हळूहळू बदलायचं. मी दोन्ही करून बसलोय, पहिलं हौसेनं आणि दुसरं नाइलाजानं.

मुडा म्हणजे वाया जाणारं काम, फाइव्ह एस म्हणजे जागा आवरून नीट ठेवायची पद्धत, हे तुम्हाला ठाऊक असणार. सूचनापेटी नावाचा तिसरा रस्ताही आहे, पण आमच्या पेटीतून वर्षभरात चहाबद्दलची एक तक्रार आणि गुटख्याची एक रिकामी पुडी निघाली. तो विषय तिथेच संपवू.

शिबिराचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं होतं. पाच दिवसांत दोन टेम्पो भंगार बाहेर गेलं. बारा वर्षं 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेली फिक्स्चरं त्यात होती आणि ती मीच ठेवली होती. टर्निंग झालेला जॉब, म्हणजे मशिनवर कातलेला भाग, डिबरिंगला (कडा साफ करायला) जाताना शॉपला दोनदा वळसा घालायचा, तो रस्ता सरळ झाला. मशिन चालू असतानाच पुढचा जॉब पकडायचे सॉफ्ट जॉ काढून तयार ठेवायचे, इतकी साधी गोष्ट आम्हाला बाहेरच्या माणसानं दाखवली. दहा-दहा मिनिटांनी मशिनं हलत नाहीत. त्यासाठी शॉप बंद ठेवून, कंबर कसून एकदाच काय ते करावं लागतं. पैशाचं म्हणाल, तर मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन) योजनेत मार्गदर्शनाच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. त्यामुळे 'सल्लागार परवडत नाही' ही सबब आता फारशी चालत नाही.

पण आमचं शिबिर खंडेनवमीसारखं झालं. खंडेनवमीला आमचं शॉप बघा. कूलंटची टाकी उपसलेली, बेड पुसून लखलखीत, प्रत्येक मशिनला झेंडूची माळ. दिवाळीपर्यंत सगळं पूर्ववत. फरक एवढाच, की खंडेनवमीला कोणाला सांगावं लागत नाही. आपल्या मशिनला दुसऱ्यानं हात लावलेला तेव्हा ऑपरेटरला खपत नाही.

माझा कौल मात्र एका कुलपानं ठरवला.

शिबिरात आम्ही सुंदर शॅडो बोर्ड बनवला होता. पिवळ्या फळ्यावर प्रत्येक पान्याची काळी आकृती. फोटो ग्राहकाला पाठवला, त्यांचं 'छान' असं उत्तरही आलं. तीन महिन्यांनी बोर्डावर फक्त आकृत्या उरल्या. दहा नंबरची एलन की (षटकोनी स्क्रूची किल्ली) नाही, टॉर्क्स की नाही. जॉ बदलायला थांबलेलं मशिन आणि की शोधत फिरणारा ऑपरेटर हे दृश्य रोजचं झालं. त्यात किती वेळ जात होता हे मी मोजलं नाही, पण एकदा माझा चहा पिऊन झाला, फोन झाला, तरी मशिन उभंच होतं. मग लक्षात आलं, की प्रत्येकाच्या लॉकरला कुलूप आहे आणि आत पदरच्या पैशानं घेतलेला एलन कीचा सेट आहे. नाइटवाल्याची की डेवाल्याला मिळत नाही. मी चिडलो. पुन्हा बोर्ड भरला. पुन्हा रिकामा झाला. सुपरवायझर म्हणाला, 'साहेब, यांना शिस्तच नाही.' मलाही ते पटलं, हे कबूल करतो.

दुसऱ्या रस्त्याला लागलो तो यानंतर. रोज सकाळी दहा मिनिटं, उभ्यानं, मोडक्यातोडक्या हिंदी-मराठीत. काल काय अडलं, एवढाच प्रश्न. पहिला महिना मी एकटाच बोलत होतो, बाकीचे बूट बघत होते. खरं सांगायचं तर तेव्हाच बंद करणार होतो. मग एक दिवस आमचा सगळ्यात लहान हेल्पर, नुकताच आयटीआय करून आलेला, सहज बोलून गेला, 'साहेब, बोर्डावरचं हरवलं की शिफ्टमधल्या सगळ्यांचे कापतात ना, म्हणून कोणी ठेवत नाही.'

नियम माझाच होता. खूप जुना. मी विसरलोही होतो, पण पगारपत्रकाला तो पाठ होता.

शिबिराच्या पहिल्याच दिवशी सल्लागारानं आम्हाला फ्रीमाँटची गोष्ट सांगितली होती. कॅलिफोर्नियातला जनरल मोटर्सचा तो कारखाना गैरहजेरी आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनं भागीदारीत तो पुन्हा उघडला. बरेचसे कामगार जुनेच, युनियनही तीच. पण आता अडलं की लाइन थांबवायची दोरी कामगाराच्या हाताशी होती, आणि ती ओढली की टीम लीडर दमात घ्यायला नाही, मदतीला यायचा. त्याच कामगारांनी तिथे चांगल्या गाड्या बनवल्या. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच महिन्यात एका हरवलेल्या पान्याचे पैसे पाच जणांच्या पगारातून गेले होते, आणि ते पाचही जण त्या खोलीत बसले होते. बाहेरच्या माणसासमोर, मालकाच्या देखत, कोण बोलणार?

कपात बंद केली. जाहीर करून काही झालं नाही, कोणाचा विश्वास बसला नाही. पुढे एक अख्खा सेट हरवला आणि महिनाअखेरीला पगार पूर्ण हातात आला, तेव्हा कुठे पहिलं कुलूप निघालं. दोघांची कुलपं आजही आहेत. मी विचारत नाही.

मग बिघडलेले जॉब टाकायच्या लाल बिनचंही तेच झालं. आधी तो छान रिकामा असायचा आणि बिघडलेले जॉब बरच्या (कातताना निघणाऱ्या किसाच्या) ढिगात, भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर सापडायचे. हळूहळू ते लाल बिनमध्ये दिसू लागले. कागदावर माझं रिजेक्शन वाढलं. ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याला ते समजावताना घाम फुटला, तेवढी तयारी ठेवा. शिबिरात आकडे लगेच सुधारतात, इथे ते आधी बिघडतात.

रोजच्या बैठकीची किंमतही कमी नाही. सव्वीस माणसांची दहा मिनिटं म्हणजे २६० मिनिटं, रोजचे सव्वाचार तास पगारी उभे. आणि मालक नसला की ती मरते. पुतणीच्या लग्नाला चार दिवस गेलो, परत आलो तर फळ्यावर जुनीच तारीख. सेकंड शिफ्टला तर ती अजून धड जमलेली नाही. सुपरवायझर घेतो, पण त्याच्यासमोर त्याच्याच चुका कोण काढणार, तोच पेच. कंत्राटी माणसं दर सहा महिन्यांनी बदलत असतील तर शून्यापासून सुरुवात, हेही धरून चाला.

तेव्हा दोन महिन्यांत ऑडिट आहे, किंवा मशिनांची मांडणीच चुकलीय, तर शिबिर घ्या. त्यात कमीपणा नाही. शे-दोनशे माणसांच्या कारखान्याचं गणित वेगळं असेल, त्याबद्दल मी बोलू नये. पण पन्नासच्या आतलं शॉप असेल आणि निवड माझ्यावर सोडलीत, तर मी आधी तीन महिने फळ्यासमोर उभा राहीन आणि सल्लागाराला नंतर बोलवीन. निदान त्याला दाखवायला खऱ्या अडचणी असतील. गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी सुरू करा. आणि त्याआधी एकदा पगारपत्रक उघडून 'इतर कपात' हा रकाना बघून घ्या.