एचओ मॉडेल रेल्वेचा स्टार्टर सेट: आठ महिने वापरल्यावर, त्यात एक अख्खा पावसाळा

एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:87 आकाराची गाडी. सेट अमेरिकन बाजारासाठीचा, साधा डीसी (रुळातला व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलायचा). सहा आसांचं एक डिझेल इंजिन, चार मालडबे, 18 इंच त्रिज्येचे 12 वक्र तुकडे, 9 इंची 4 सरळ तुकडे (त्यातल्या एकाला वीजजोडणी), कंट्रोलर आणि अ‍ॅडॅप्टर. सगळं जोडलं की साधारण 56 बाय 38 इंचांचा लंबगोल होतो. ठिकाण समुद्रापासून जवळ, वापर रोज अर्धा-पाऊण तास. इंजिनाने या आठ महिन्यांत फारसं काही मागितलं नाही. सगळा वेळ खाल्ला तो रुळांनी.

पेटी उघडली की आधी अ‍ॅडॅप्टरवरचं लेबल वाचा. ‘100-240 व्होल्ट’ लिहिलं असेल तर फक्त पिनेचा प्रश्न. ‘120 व्होल्ट, 60 हर्ट्‌झ’ असेल आणि तो आपल्या 230 च्या सॉकेटात खुपसला, तर काही क्षणांत जळका वास येतो आणि अ‍ॅडॅप्टर कायमचा जातो. 230 चे 110 करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा, 100 व्हीए क्षमतेचा भरपूर झाला. एक इंजिन चालताना पाव ते अर्धा अँपियरच घेतं.

आता रूळ. स्वस्त सेटमध्ये पोलादी रूळ येतात, जरा वरच्या किमतीत जर्मन सिल्व्हरचे. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. खरेदीतला हा एकच फरक पाहिला तरी चालेल, बाकी डब्यांचे रंग वगैरे नंतर. कोकणपट्टीत पोलादी रुळांवर जुलैत तांबूस ठिपके येतात, ऑगस्टपर्यंत रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जोडपट्ट्यांच्या आतही गंज शिरतो. वरचा गंज पुसता येतो, जोडपट्टीतला नाही. गाडी एका विशिष्ट जागी दचकायला लागली की समजायचं, तिथला जोड गेला. जर्मन सिल्व्हरही काळवंडतं, पण पुसलं की मोकळं.

पुसायचं कशाने? 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या बनियनचा तुकडा. पॉलिश पेपर नको. त्याने चकाकी येते खरी, पण उमटलेल्या बारीक ओरखड्यांत काळा मळ दुप्पट वेगाने बसतो. अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय वीज सुरू करू नका, चाकांखाली ठिणग्या पडत असतात. इंजिनाच्या रंगालाही त्याचा स्पर्श नको. इंजिनाची चाकं साफ करायला टिश्यू पेपर अल्कोहोलने ओला करून रुळांवर आडवा टाका, एक बोगी (इंजिनाखालचा तीन आसांचा संच) त्यावर आणि दुसरी कोरड्या रुळावर ठेवून इंजिन हाताने धरा आणि अर्धा वेग द्या. कोरडी बोगी वीज घेते, ओल्यावरची चाकं जागच्या जागी फिरून स्वच्छ होतात. मग उलट करा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला, एरवी महिन्यातून एकदा.

मळ वाढण्याचं मोठं कारण डब्यांची प्लॅस्टिकची चाकं. ती मळ गोळा करून पूर्ण फेरीभर पसरवत राहतात. धातूची चाकं बसवल्यावर रूळ पुसण्याचं काम निम्म्यावर आलं. बसवताना दोन गोष्टी तपासा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने 14.4 ते 14.5 मिमी भरलं पाहिजे. कमी असेल तर सांध्यावर (म्हणजे गाडी दुसऱ्या मार्गावर वळते तिथे) चाक चढतं. दुसरं, मल्टिमीटर लावून दोन चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी आहेत ना ते पाहा. एखादा आस तसा नसेल तर गाडी रुळांवर ठेवताक्षणी शॉर्ट.

तिसऱ्या महिन्यात दिसलेला दोष मात्र सेटच्या रचनेतलाच. वीज एकाच तुकड्यातून येते, समोरच्या टोकाला पोहोचेपर्यंत दोन्ही बाजूंनी आठ-आठ जोड ओलांडते. गाडी जवळ असताना 11.8 व्होल्ट, लांबच्या टोकाला 9.6. तिथे गाडी मंदावते, घरचे म्हणतात ‘चढ आहे का तिथे?’ इलाज सोपा आहे: कंट्रोलरपासून 1.5 चौरस मिमीच्या दोन तारा फळीखालून फिरवायच्या आणि दर तीन फुटांवर त्यांतून बारीक तारा काढून रुळांना सोल्डर करायच्या. इथे बहुतेकांची चूक होते ती 25 वॅटची सोल्डरिंगची इस्त्री घेण्यात. ती रूळ तापवायला इतका वेळ लावते की तोवर प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. 60 वॅटची घ्या, टोक टिनने माखा, जोडाच्या दोन्ही बाजूंना ओला कापूस ठेवा, दोन-तीन सेकंदांत काम उरका. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा लेप) राळेचाच, आम्लाचा वापरलात तर महिनाभरात तारेभोवती हिरवा थर दिसेल.

जमिनीवर मांडून खेळणाऱ्यांना केस आणि गोधड्यांचे तंतू हा कायमचा त्रास. ते आसाला गुंडाळत गिअरमध्ये जातात. 8 बाय 4 फुटांचा प्लाय घ्या, 12 मिमी जाडीचा, खाली दीड-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या. साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) नको, आयएस 710 चा (मरीन, पाण्यालाही टिकणारा) घ्या. आणि दोन्ही बाजूंना, विशेषतः चारही कडांना, ऑइल पेंटचे दोन हात द्या. रूळ उन्हाने वाढतात म्हणून वेडेवाकडे होतात असं सगळे सांगतात, पण तीन मीटर रूळ 15 अंश तापले तरी जेमतेम पाऊण मिमी वाढतात. ओल पिऊन फुगणारं लाकूडच त्यांना जास्त हलवतं. कडा न रंगवलेल्या फळीचा कोपरा पावसाळ्यात उचलला जातो आणि त्यावरून जाताना कपलर (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) सुटतात.

कपलरचं मध्य रुळाच्या माथ्यापासून 9.9 मिमीवर हवं. प्लॅस्टिकचे कपलर काही महिन्यांत खाली लोंबतात, मग त्यांची खालची पिन सांध्याच्या क्रॉसिंगला घासते. ती पक्कडीने किंचित वर वाकवा, रुळापासून साधारण 0.8 मिमी उंच.

इंजिनाला तेल म्हणजे सुईच्या टोकावर मावेल तो थेंब, प्लॅस्टिकला चालणारं. खोबरेल तर अजिबात नको, थंडीत गोठतं आणि नंतर चिकट होतं. चालताना ठरावीक लयीत टक-टक आवाज आणि हलकी उडी जाणवली तर रूळ नका तपासू. आसावरच्या प्लॅस्टिक गिअरला उभी चीर गेलेली असते. चिरेजवळच्या दोन दातांतलं अंतर वाढतं आणि दर फेऱ्याला तिथे दात अडखळतो. डिंकाने जमत नाही, गिअर बदलायचा.

भारतीय डबे लावायचे असतील तर थोडं गणित करून ठेवा. 1:87 मध्ये आपलं 1676 मिमीचं ब्रॉडगेज 19.2 मिमी व्हायला हवं, एचओचा रूळ 16.5 चा. त्यामुळे 37 मिमी रुंदीचा डबा समोरून पाहताना अरुंद पायांवर उभा दिसतो, हे सोसायचं. खरी अडचण वळणाची. आयसीएफचा (जुन्या पद्धतीचा) डबा या प्रमाणात 245 मिमी लांब, 18 इंची वळणावर त्याचं पोट आत 8 मिमी सरकतं आणि टोकं बाहेर साडेआठ. एलएचबीची (नव्या, जास्त लांब डब्याची) टोकं जवळपास 12 मिमी बाहेर येतात. वळणावर फलाट ठेवायचाच तर त्याची कड रुळाच्या मध्यापासून 33 मिमी तरी लांब. 22 इंची वळणं 8 बाय 4 च्या फळीत जेमतेम बसतात, लांब डब्यांसाठी तीच घ्या. डब्यांचा आकार डोळ्यांखाली नसेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, 1998 पासून. तिथे चालत्या गाड्या पाहून मगच पैसे काढा.

आणि बोरघाट करायची हौस. एका रुळावरून दुसरा न्यायला 75 मिमी उंची लागते. कर्जत-लोणावळ्याचा 1:37 चढ घेतला तरी नुसता चढण्याला पावणेतीन मीटर आणि तेवढीच उतरण, शिवाय तिथे खऱ्या बहुतेक गाड्यांनाही मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. हे इंजिन चार डब्यांसह 1:50 वर कुरकुर न करता चढतं, पण वळणासह चढ आला की चाकं घसरतात. 1:50 ला पावणेचार मीटर हवेत, म्हणजे 8 बाय 4 ची फळी विसरा.

किमतीचं म्हणाल तर बाहेरून मागवताना खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2023 मध्ये 60 वरून 70 टक्क्यांवर गेलं, कुरिअरचं बिल वेगळं. म्हणून सुटे भाग सेटबरोबर एकाच खेपेत मागवा: धातूची चाकं, दोन जादा गिअर, कपलरची एक पुडी, आणि जोडपट्ट्या तर मूठभर.