झुलिप: प्रोग्रॅमिंगच्या ग्रुपसाठी उत्तम, चॅनेल मोजके ठेवलेत तर

नाशिकमधला प्रोग्रॅमिंगचा एखादा व्हॉट्सॲप ग्रुप उघडून बघा. इंजिनीअरिंगची मुलं पायथनचं प्रॅक्टिकल अडलं म्हणून विचारतायत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे कॉम्प्युटर) सांभाळणारी मंडळी लॅडर लॉजिकचे, म्हणजे त्यांच्या आकृतीवजा प्रोग्रॅमचे, स्क्रीनशॉट टाकतायत आणि मधूनच कोणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो चिकटवतंय. ग्रुप वाढला की ॲडमिन तुकडे पाडायला घेतो: जावा वेगळा, वेब वेगळं, डेटाबेस वेगळा. थोड्याच दिवसांत निम्मे तुकडे ओस पडतात आणि प्रश्न पुन्हा मोठ्या ग्रुपातच येऊन आदळतात.

दोष मेंबरांचा नाही. ज्याचं अडलंय त्याला बहुतेक वेळा नेमकं कुठे अडलंय हेच कळलेलं नसतं. ते कळलं असतं तर अर्धं उत्तर त्याचं त्यालाच सापडलं असतं. त्यामुळे वर्गवारीचं काम विचारणाऱ्यावर टाकणारी कुठलीही रचना फसते. झुलिप हे ग्रुप चॅटचं ॲप इथेच वेगळं पडतं.

झुलिपमध्ये दोन पातळ्या आहेत. वर चॅनेल (2024 पर्यंत यालाच स्ट्रीम म्हणत) आणि चॅनेलच्या आत टॉपिक. टॉपिक म्हणजे 60 अक्षरांपर्यंतचं शीर्षक. ते आधी कोणी बनवून ठेवावं लागत नाही, प्रश्न लिहितानाच टाकायचं. खरी कमाल पुढे आहे: चर्चा होऊन गेल्यावरही मेसेज एका टॉपिकमधून दुसऱ्यात, किंवा एका चॅनेलमधून दुसऱ्यात हलवता येतात.

समजा पायथन चॅनेलमध्ये प्रश्न आला: 'पीएलसीवरून मॉडबसने तापमान वाचतोय, आकडा चुकीचा येतो.' हा प्रश्न पायथनचा नाही, मॉडबसचा आहे, म्हणजे यंत्रांशी आकड्यांची देवाणघेवाण करायच्या प्रोटोकॉलचा (ठरलेल्या नियमांचा). मॅन्युअलमध्ये रजिस्टर (आकडा ठेवायचा कप्पा) 40011 लिहिलेलं असतं, पण प्रोटोकॉलमध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणजे 40001 चा पत्ता 0 आणि 40011 चा 10. मुलाने 11 दिलं, म्हणून शेजारच्या रजिस्टरचा आकडा आला. हे सुटतं न सुटतं तोच तो लिहितो, 'आता भलताच आकडा येतोय.' हा दुसराच घोळ. 32 बिटांचा दशांश आकडा (फ्लोट) 16 बिटांच्या दोन रजिस्टरांत विभागलेला असतो आणि त्या दोघांचा क्रम उलटा वाचला जातोय. झुलिपमध्ये मॉडरेटर पहिला भाग पीएलसी चॅनेलमध्ये 'मॉडबस पत्ता एकने सरकतो' या नावाने हलवतो. मग दुसरा घोळ जिथून सुरू झाला त्या मेसेजवर जाऊन 'हा आणि यापुढचे' हा पर्याय निवडतो आणि त्यांना 'फ्लोट वाचताना रजिस्टरांचा क्रम' असं नाव देतो. जुन्या जागी झुलिपचा बॉट (आपोआप मेसेज टाकणारा प्रोग्रॅम) नव्या जागेची लिंक ठेवतो, त्यामुळे विचारणारा हरवत नाही. पुढच्या वर्षी हेच अडलेल्या मुलाला नावावरूनच उत्तर सापडतं.

टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये 2022 पासून टॉपिक आहेत आणि फोनवर ते झुलिपपेक्षा सुटसुटीत वाटतात. पण चुकीच्या टॉपिकमध्ये पडलेला मेसेज तिथून उचलता येत नाही, फॉरवर्ड करायचा आणि मूळचा पुसायचा. डिस्कॉर्डच्या फोरम चॅनेलमध्ये 20 टॅग बनवता येतात आणि एका पोस्टला 5 लावता येतात. ते बरं आहे, पण पोस्ट एका फोरममधून दुसऱ्यात नेण्याची सोय नाही. व्हॉट्सॲप कम्युनिटी म्हणजे एका छपराखाली बांधलेले वेगवेगळे ग्रुप. वर ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर सगळ्यांना दिसतो. कॉलेजच्या मुली अशा ग्रुपात प्रश्न विचारायला का कचरतात, याचं अर्धं कारण एवढंच आहे. झुलिपमध्ये ईमेल पत्ता कोणाला दिसावा हे सेटिंगमधून ठरतं.

आता मांडणी. सुरुवातीला सहा-सात चॅनेल पुरे: पायथन, जावा, वेब, डेटाबेस, पीएलसी-एम्बेडेड, नोकरी आणि अवांतर. जँगोसाठी वेगळा, फ्लास्कसाठी वेगळा (दोन्ही पायथनमध्ये वेबसाइट बनवायची साधनं) असले चोचले नकोत, ते टॉपिकचं काम. एखाद्या विषयाचे टॉपिक चॅनेलमध्ये इतरांना झाकू लागले की मगच त्याला वेगळा चॅनेल द्यावा. यूजनेटवर (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावर) मोठ्या शाखांत नवा गट काढायला मतदान व्हायचं आणि बाजूची मतं विरोधापेक्षा किमान 100 ने जास्त, शिवाय एकूण मतांच्या दोन तृतीयांश लागायची. एवढं कडक नको, पण 'मला हवा म्हणून' चॅनेल निघू नये. म्हणून चॅनेल बनवण्याची परवानगी ॲडमिन आणि मॉडरेटरपुरती ठेवा. टॉपिकशिवाय मेसेज जाऊ नये ही सेटिंग चालू करा, नाहीतर सगळं बिननावाच्या एकाच ढिगात जमा होतं. मेसेज हलवायच्या परवानग्या दोन आहेत, टॉपिकची वेगळी आणि चॅनेलची वेगळी. एकच दिली आणि 'हलवता येत नाही' अशी ओरड झाली, हे नेहमीचं. साध्या मेंबरला यासाठी मुदतही असते, मॉडरेटरला नसते.

उत्तर मिळालं की टॉपिक 'सुटला' म्हणून खूण करता येते, नावापुढे बरोबरची खूण येते. लोक मात्र त्याच टॉपिकखाली नवा प्रश्न चिकटवतात. लिहिताना झुलिप इशारा देतं, पण इशारे वाचतंय कोण! मॉडरेटरचं लक्ष नसेल तर ही अख्खी व्यवस्था चार आठवड्यांत व्हॉट्सॲपसारखी होते. रोज दहा-पंधरा मिनिटं देणारे दोघेजण नसतील तर या फंदात पडू नका.

कोड मात्र झकास दिसतो. तीन बॅकटिक (` हे चिन्ह), पुढे भाषेचं नाव, की रंग लागतात, आणि एकच भाषा चालणाऱ्या ग्रुपला ती कायमची ठरवून ठेवता येते. मॉनिटरचा मोबाइलवरून काढलेला फोटो टाकायची सवय मोडणं हे जास्त अवघड काम, आणि ते मोडायलाच हवं, कारण फोटोतला एरर शोधात सापडत नाही.

खर्चाचं म्हणाल तर झुलिप क्लाउडचा फुकट प्लॅन शेवटच्या 10,000 मेसेजपर्यंतच शोध देतो आणि फाइलींना एकूण 5 जीबी जागा. गडबडीच्या ग्रुपला 10,000 काहीच नाही, आणि जुनी उत्तरं सापडावीत म्हणूनच तर हा खटाटोप. सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, त्यामुळे स्वतःचा सर्व्हर लावता येतो. शंभरच्या आतल्या ग्रुपला 2 जीबी रॅम, तेवढीच स्वॅप (रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) आणि 10 जीबी मोकळी डिस्क, वर उबुंटू किंवा डेबियन. अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ईमेल: बरेच क्लाउडवाले पोर्ट 25 (सर्व्हरवरून मेल बाहेर जायची वाट) बंद ठेवतात, मग नोंदणीचा मेल कोणालाच पोचत नाही. बाहेरची मेल सेवा आधीच जोडून घ्या. दुसरं, फोनवरची नोटिफिकेशन. ती झुलिपच्याच सेवेतून जातात आणि दहापेक्षा जास्त माणसं असतील तर प्लॅन घ्यावा लागतो किंवा सामुदायिक गटांसाठीच्या फुकट प्लॅनचा अर्ज करावा लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची: मूळ शोध इंग्रजी धरून बनवलाय. स्वतःच्या सर्व्हरवर पीजीग्रूंगा हे डेटाबेसचं एक्स्टेन्शन चालू केलं की इतर भाषांतला मजकूरही नीट शोधला जातो. हे सर्व्हर उभारतानाच करून टाका, मेसेज साठल्यावर केलंत तर सगळ्यांचा इंडेक्स (शोधासाठीची सूची) नव्याने बनेपर्यंत थांबावं लागतं.