फुकटचं एसएसएल की विकतचं?

संस्थेची वेबसाइट उभी राहिली की होस्टिंगवाला विचारतो, ‘एसएसएल कुठलं टाकू?’ आणि लगेच कोटेशन पाठवतो. एसएसएल म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातला संवाद सांकेतिक करून (एन्क्रिप्शन) गुप्त ठेवण्यासाठी लागणारं सर्टिफिकेट. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, हे तो बहुधा सांगत नाही.

एन्क्रिप्शन दोन्हींत सारखंच. किल्ल्यांची जोडी (एक खासगी, एक सार्वजनिक) तुमच्या सर्व्हरवर तयार होते. सर्टिफिकेट देणारी संस्था, म्हणजे सीए, ‘ही सार्वजनिक किल्ली याच डोमेनची (वेबसाइटच्या नावाची)’ एवढ्यावर सही करते. ब्राउझरच्या विश्वासू यादीत ती सीए असली की काम झालं.

फरक तपासणीत आहे. फुकटवाली डीव्ही (डोमेन व्हॅलिडेशन), म्हणजे डोमेन तुमच्या ताब्यात आहे का, एवढंच बघते. विकतची डीव्हीही तेच बघते, तेव्हा तिच्यासाठी पैसे कशाला? ओव्हीत (ऑर्गनायझेशन व्हॅलिडेशन) संस्थेची नोंदणी तपासतात, ईव्हीत (एक्स्टेंडेड व्हॅलिडेशन) आणखी कसून. ईव्हीचा पूर्वी रुबाब होता, पत्त्याच्या पट्टीत कंपनीचं नाव झळकायचं. मग २०१७ मध्ये इयन कॅरोल या संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकीत, प्रसिद्ध पेमेंट कंपनी ‘स्ट्राइप’च्याच नावाची दुसरी कंपनी रीतसर नोंदवून ईव्ही मिळवलं! २०१९ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने ते नाव पट्टीतून काढलं. आता ते बघायला ग्राहकाला मुद्दाम आत शिरावं लागतं. कोण शिरतो?

‘मोठ्या सीएचं घ्या, सुरक्षित राहाल’ हेही खरं नाही. यादीतली कुठलीही सीए तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट काढू शकते. २०११ मध्ये नेदरलँड्सची डिजिनोटार ही सीए हॅक झाली आणि गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. २०१४ मध्ये आपल्या सरकारी एनआयसीकडूनही (नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर) गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली होती. यावर थोडाफार उपाय म्हणजे डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, सीएए नावाची नोंद टाकून सर्टिफिकेट काढायची परवानगी कोणत्या सीएला ते लिहून ठेवणं. त्याला पैसे पडत नाहीत.

विकतच्याची एक सोय होती, वर्षातून एकदाच नूतनीकरणाची धावपळ. तीही चाललीय. १५ मार्च २०२६ पासून सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, २०२९ मध्ये ४७. लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची मुदत ९० दिवस, पण सर्टबॉट हा मोफत प्रोग्राम ते आपोआप नवं करतो.

टेंडरमध्ये किंवा बँकेच्या अटींत ओव्ही मागितलं असेल, किंवा फोन उचलणारं कुणी हवं असेल, तर खुशाल विकत घ्या. बाकी सगळ्यांनी फुकटचं घ्यावं, फक्त नूतनीकरण खरंच होतंय ना, यावर स्वतःचा अलार्म लावा. मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत.